पुढची चाकं झोपलेली जिप्सी

सकाळचे साडेदहा झाले असतील. जालन्यात माझं जुन्या लोखंडाचं आणि यंत्रांचं यार्ड आहे. तिथं एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांचा सौदा चालू होता. मी आणि घेणारा, दोघंही आवाज चढवून बोलत होतो आणि खरं सांगायचं तर दोघांनाही मजा येत होती. तेवढ्यात फोन वाजला. पारसमलच्या बायकोचा, म्हणजे भाभींचा. "भैयाजी, हे गेले... चहा मागितला, मी आणेपर्यंत गेले." मी "बरं" म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. ठेवल्यावरही दोन-तीन वाक्यं मी सौद्याचीच बोललो. मग ऐकलं ते कळलं. समोरच्याला म्हणालो, "तू म्हणतो तोच भाव. घेऊन जा." तो माझ्याकडे बघतच राहिला. तीस वर्षांच्या धंद्यात असं वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. मालात मोठी खोट असणार, असं त्याला वाटलं असावं. तो माल न घेताच निघून गेला. ही गोष्ट पारसला सांगायला हवी, तो पोट धरून हसेल, असं मला वाटलं... आणि मग मी यार्डातल्या एका लोखंडी पेटीवर बसलो.

याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहावं, अशी रीत आहे. पारसबद्दल चांगलं लिहायला मला अडचण नाही, या पुरवणीची सगळी पानं पुरणार नाहीत. पण माझी त्याच्याबद्दल एक तक्रार आहे. ती मी त्याच्या तोंडावर मांडली होती, एकदा ओरडून आणि एकदा नीट. त्याने ती दोन्ही वेळा मान्य केली नाही. म्हणून इथंही मांडतो.

पारसचं घराणं राजस्थानातून तीन-चार पिढ्यांपूर्वी आलेलं. जालन्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. थोरला मुलगा म्हणून गादीवर त्यानं बसायचं, पण गादीवर बसलं की त्याला झोप यायची. दुकान धाकट्या भावाने सांभाळलं. पारसला गिऱ्हाइकापुढे कापड उलगडायलाच मनाई होती, कारण त्याच्या बोटांचं काळं ऑइल साडीला लागायचं. दुकानाच्या गोदामामागे पत्र्याचं एक शेड होतं, तीच त्याची जागा. घरचे लोक नातेवाइकांना सांगताना "पारस मागे हिशेब बघतो" असं सांगत. मागे तो स्कूटर, पाण्याचे पंप, शिलाई मशीन, जे मिळेल ते उघडून बसलेला असायचा. माझं सगळं याच्या उलट. मी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. जालन्यात आलो तो लोखंडाच्या कारखान्यात हमाली करायला. पुढे सायकलवर गावोगाव फिरून भंगार गोळा केलं, मग हातगाडी, मग टेम्पो, मग यार्ड. माझं यार्ड माझ्या जिभेवर उभं आहे, हे मी कुणालाही सांगतो. लोखंडातलं मला फक्त वजन कळायचं. ते कशासाठी घडवलं होतं, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

आमची गाठ पडली ती एका मरायला टेकलेल्या जिप्सीमुळे. सरकारी लिलावातल्या मालासोबत ती माझ्याकडे आली होती. पांढरा रंग पोपडे धरून निघालेला, वरचं कापडी छप्पर फाटलेलं, मागचा एक्सल कुणीतरी आधीच काढून नेलेला. दगडांवर टेकून ठेवली होती. गॅसकटर पेटवून माणूस तिच्याजवळ जातच होता, तेवढ्यात स्प्रिंगचा कसलातरी पाटा शोधायला आलेला पारस मधे उभा राहिला. "कापता का हिला?" मी म्हणालो, "मंग काय, हार घालू?" त्यानं गाडीला एक चक्कर मारली, पांढऱ्या शर्टासकट खाली शिरला, पाच मिनिटांनी काळा होऊन बाहेर आला आणि म्हणाला, "किती?" खाली उतरायला जागा राहावी म्हणून मी भलतीच किंमत सांगितली. तो म्हणाला, "ठीक आहे."

"ठीक आहे म्हंजे?"

"म्हंजे घेतली."

"अहो शेठ, कमी-जास्त काही बोला तरी!"

"किंमत तुम्हीच सांगितली ना? मंग?"

माझा इतका अपमान आयुष्यात कुणी केला नव्हता. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "चांगलं झालं की!" मी म्हणालो, "काय चांगलं? एक शब्द बोलला न्हाई माणूस. मारवाडी असून भाव करीत न्हाई, मंग यानं करायचं काय?" चार दिवस ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. हा शहाणा त्या सांगाड्याचं करणार काय, हे बघायला रविवारी मी त्याच्या शेडात गेलो आणि तिथून पुढे जवळजवळ प्रत्येक रविवारी जात राहिलो.

त्यानं गाडी पार सुटी केली होती. जुन्या चादरी अंथरून त्यावर एकेक भाग, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडलेला. प्रत्येक नट ज्या भोकातून काढला त्याच भोकात परत फिरवून ठेवलेला, हरवायला नको म्हणून. आणि प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली दुकानातली चिठ्ठी. मागच्या कोऱ्या बाजूला त्याच्या बारीक अक्षरात वस्तूचं नाव, आणि पुढच्या बाजूला छापलेलं साडीचं. ब्रेकच्या ड्रमवर 'रेशमी काठ', स्टीअरिंगच्या दांड्यावर 'नऊवारी सुती'. मी हसलो तर तो म्हणाला, "हसा. पन हात लावू नका." मी हात लावला नाही. तिथंच उकिडवं बसून विचारत राहिलो, हे काय, ते काय. चाळिशी ओलांडलेल्या मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की मी रोज जे वजनावर विकतो त्यातल्या प्रत्येक तुकड्याला कधीकाळी एक काम होतं.

दोन-तीन महिन्यांत आम्ही 'अहो'वरून 'अरे'वर आलो. दुरुस्ती त्याची आणि सामान शोधणं माझं, असं ठरलं. तो म्हणाला, "मंग अर्धी तुझी." गाडी कशी करायची यावर मात्र आमचं कधी जमलं नाही. मला मोठे टायर, पुढे भला थोरला बंपर, छपरावर दिव्यांची रांग आणि ट्रकचा भोंगा पाहिजे होता. त्याला ती कारखान्यातून निघाली होती तशी पाहिजे होती. तासन्‌तास वाद व्हायचे. शेवटी तह झाला. बाहेरून ती जुनीच दिसेल, आतून आपल्या सोयीची. दुसऱ्या गाडीचे डिस्कब्रेक बसले, स्टीअरिंग हलकं झालं, पाठ मोडणाऱ्या सीटांऐवजी बऱ्या सीटा आल्या. टायर मला हवे होते त्यापेक्षा लहान आणि त्याला हवे होते त्यापेक्षा मोठे. भोंगा मिळाला नाही. मी सहा महिने मागत होतो. तो म्हणायचा, "तू बसणार आहेस ना गाडीत, मंग भोंगा कशाला?"

आता अडलं होतं ते मागच्या एक्सलवर. मालेगावकडे एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे आहे असं कळलं, तेव्हा मी टेम्पो घेऊन गेलो. माणूस जाणता होता. म्हणाला, "शेठ, पुढचा-मागचा जोडीनं घ्या. एकाच गाडीचे आहेत." मी म्हणालो, "पुढचा माझ्याकडं हाय." तो म्हणाला, "तुमची गाडी जुनी, हा माल नव्या मॉडेलचा. आतले दात वेगळे असतात, जुळणार नाहीत." समोरचा माणूस असं काही सांगतो तेव्हा ते खरंही असू शकतं, हे मी त्या काळी मानत नव्हतो. जोडी गळ्यात मारायची युक्ती, असंच मी धरलं. दोनदा उठून निघालो, दोनदा परत येऊन बसलो, त्याचाच चहा तीनदा प्यालो. शेवटी तो थकून म्हणाला, "घेऊन जा बाबा एकटा. पण मग मला बोलू नका." निम्म्याहून कमी भावात माल टेम्पोत चढला. त्या सौद्याची गोष्ट मी पुढे सहा वर्षं सांगत होतो. लग्नात, तेराव्याला, बँकेच्या रांगेत. पारस समोर असला तर मान हलवत ऐकायचा, आणि मी एखादा तपशील विसरलो तर आठवण करून द्यायचा. "तिसऱ्या चहाचं राह्यलं, कडुबा."

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. जिप्सी एरवी मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालते. चढ किंवा चिखल आला की गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचा, खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरची गोल खुंटी फिरवायची, म्हणजे पुढची चाकंही ओढू लागतात. ती खुंटी ज्या डबीवर असते तिला हब म्हणतात; डबीतले दाते अडकले की चाक ओढू लागतं. हब फिरवायचा मान माझा होता. जांब समर्थला जाताना असो की धावड्याच्या शेतात जाताना, जरा चढ दिसला की मी गाडी थांबवायला लावायचो, उतरायचो, चार लोक बघतायत ना याची खात्री करायचो आणि देवाला अभिषेक घालावा तशा गंभीरपणे दोन्ही हब फिरवायचो. गाडी चढून जायची. मी म्हणायचो, "बघितलं? चारी चाकं!" पारस म्हणायचा, "बघितलं."

सहाव्या वर्षी श्रावणात मी एकटाच धावड्याला गेलो होतो. आमच्या शेताकडे जाताना नाल्याच्या पलीकडे काळ्या मातीचा एक चढ लागतो. तिथं चिखलात गाडी बसली. मी दांडा ओढला, हब फिरवले, जोर दिला. गाडी जागची हलेना. वरच्या बांधावर माझ्या चुलतभावाची बायको, सुमनवहिनी, शेळ्या घेऊन उभी होती. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, पुढची चाकं काहून फिरून न्हाई राह्यली?"

"फिरून राह्यलीत!"

"कुठं? मागचीच चिखल उडवून राह्यलीत. पुढची तर झोपलीत बिलकुल." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "तो तुमचा मालेगावचा माल आखडला वाटतं."

मी उतरून पुढे गेलो. एका दगडावर पाय देऊन वाकलो. पुढच्या चाकांपाशी चिखल जराही उडालेला नव्हता, ती खरोखर झोपूनच होती. चुलतभावाच्या बैलांनी गाडी ओढून काढली. अर्धा गाव बघायला आला होता. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

चिखलाने माखलेली गाडी घेऊन मी तिथून थेट पारसच्या शेडात गेलो. तो शेव खात बसला होता. मी म्हणालो, "हब उघड." त्यानं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, हात पुसले. हब उघडला नाही. फळीवरून सुपारीचा एक जुना डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत ऑइलच्या फडक्यात गुंडाळलेले हबच्या आतले दाते होते. गंज नव्हता, धूळ नव्हती. दर काही महिन्यांनी कुणीतरी पुसून ठेवत असणार. त्याला साडीची चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर एकच शब्द, 'नंतर'.

"कधी काढले हे?"

"तू एक्सल आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. चाकाला आणि एक्सलला जोर पोचवणाऱ्या शाफ्टला खडूची खूण करायची, चाकं एक फेरी फिरवायची आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेऱ्या फिरतो ते मोजायचं. पुढचा आणि मागचा आकडा एक आला पाहिजे. आमच्या गाडीत पाव फेरीच्या आसपास फरक येत होता. चारी चाकं जोडली की पुढचा एक्सल एक म्हणणार, मागचा दुसरं म्हणणार, गाडी आपल्याशीच भांडत राहणार आणि एखाद्या दिवशी घाटात आतलं काहीतरी तुटणार. म्हणून त्यानं पुढच्या हबातले दाते काढून घेतले होते. मी सहा वर्षं रिकाम्या हबावरची खुंटी फिरवत होतो.

"मंग मला सांगायचं ना!"

"तू इतक्या खुशीत आल्ता..."

"कोनाकोनाला माहीत हाय हे?"

त्यानं दाराकडे पाहिलं. दारात भाभी चहा घेऊन उभ्या होत्या. त्या कपबशांसह एकदम मागे वळल्या आणि आत गेल्या. तेवढ्यावरून मला कळायचं ते कळलं. मी नको ते बोललो. गादीवर जन्मलेल्याला सौदा काय असतो ते काय माहीत, तुला वाटलं हा धावड्याचा गडी, राहू दे याला खुशीत, लहान मुलाच्या हातात नुसतं चाक देतात तसं तू मला दिलंस, तू माझ्यावर दया केलीस. तो म्हणाला, "दया न्हाई रे..." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. चावी तिथंच टाकली आणि रिक्षाने घरी आलो.

सात महिने मी त्याच्याशी बोललो नाही. बाजारात त्याच्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून लांबच्या गल्लीतून जायचो. राग चुकीच्या मालाचा नव्हता. धंद्यात मी याआधीही फसलो होतो, त्याचं सोयरसुतक मी धरत नाही. राग याचा, की ज्या गोष्टीवर मी छाती काढून फिरलो ती पोकळ आहे हे त्याला माहीत होतं, आणि तरी तो मला तिसऱ्या चहाची आठवण करून देत राहिला.

मग एके दिवशी भाभींचा फोन आला. पारसच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, मला कळवायचं नाही असं त्यानं बजावलं होतं. डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली होती. "शेडाला कुलूप लावून चावी मला दिली भैयाजी. म्हणतात, गाडी कडुबा घेत असेल तर त्याला द्या, नाहीतर विकून टाका. एवढ्यावरून इतकं भांडण का, ते मला कळत नाही. पण हा माणूस नुसता पलंगावर बसून भिंतीकडे बघतो." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ यार्डात फिरत राहिलो. गाडी अशीच विकली गेली, तर ती पुढची चाकं झोपलेली असतानाच जाणार, आणि आमच्यातलं जे होतं तेही तसंच अर्धवट राहणार, एवढं मला दिसत होतं. त्या दिवशी ठरवलं. पारसच्या हातात स्टीअरिंग धरायची ताकद आहे तोवर, धावड्याच्या त्याच चढावर, चारी चाकं ओढत असताना, गाडी त्यानंच चढवायची.

मी परत मालेगावला गेलो. दुकानदार मला बघताच म्हणाला, "तुम्ही तेच ना, तीन चहावाले?" मी खिशातून खडू काढला. त्याच्या माणसांना एक्सल वर उचलून धरायला लावले, खुणा केल्या, फेऱ्या मोजल्या. पहिल्या जोडीत फरक निघाला. मी म्हणालो, "ही जोडी न्हाई." तेव्हा त्यानं मला नीट खुर्ची दिली आणि आतल्या खोलीतून एकाच गाडीचे निघालेले दोन एक्सल दाखवले. ते जुळले. भाव मात्र मी केला, आणि पहिल्यापेक्षा जोरात केला. सांगेल ते देऊन आलो असतो तर पारसने मला ओळखलंच नसतं.

त्याच्या शेडाचं कुलूप मी उघडलं. पारस शाल गुंडाळून प्लास्टिकच्या खुर्चीत बसला आणि मी गाडीखाली शिरलो. सात महिन्यांचं कुणी काही काढलं नाही. पाच रविवार लागले. तो वरून सांगायचा, मी खालून करायचो. "शिव्या देऊन नट सुटत न्हाई कडुबा, तेल सोड." "तू गप बस, काळीज सांभाळ तुझं." "पाना उलटा धरलाय." "दिसतंय मला!" "दिसतंय मंग सुलटा धर ना." भाभी म्हणायच्या, यांचा आवाज कितीतरी दिवसांनी घरापर्यंत आला. माझ्या बोटांत ऑइल मुरलं ते तेव्हापासून. चौथ्या रविवारी मी खालूनच विचारलं, तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर झाला. म्हणालो, "एकदा म्हण, सांगायला पायजे होतं. चुकलो, म्हण."

"न्हाई चुकलो."

"पारस..."

"तू टेम्पोत उभा होतास. मालेगावपास्नं जालन्यापर्यंत तू बसला न्हाईस, एक्सलवर हात ठेवून उभा. गल्लीत वळला तेव्हा मी दारात होतो. तुझं तोंड मी बघितलं. पुन्हा तू तसाच आलास ना, तर पुन्हा न्हाई सांगनार."

मी खालून म्हणालो, "चौदाचा पाना दे." त्यानं दिला.

त्या उन्हाळ्यात आम्ही धावड्याला गेलो. मागे भाभी उशी घेऊन बसल्या होत्या. नाल्याजवळ पारसने गाडी थांबवली. मी उतरलो, हब फिरवले. त्यानं छोटा दांडा ओढला. मी मुद्दाम पुढे चालत गेलो आणि उलटा वळून वाकून बघत राहिलो. पुढची चाकं मातीत रुतून, हळूहळू, एकेक खडा धरत वर येत होती. पारसने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "जागी झाली का रे?" मी म्हणालो, "झाली!" वर सुमनवहिनीच्या घरी चहा झाला. पारस मला म्हणाला, "सांग ना मालेगावची." मी सांगितली. या वेळी पहिल्यांदा पुरती सांगितली, जुळणार नाही म्हणून बजावणाऱ्या दुकानदारापासून चुलतभावाच्या बैलांपर्यंत. वहिनी हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "आता गोष्टीला चव आली भाऊजी. आधीची अळणी होती."

त्यानंतर पारस दीड वर्ष जगला, आणि मजेत जगला. उचलायचं काम माझं, कान लावून ऐकायचं काम त्याचं. लोक आपल्या जुन्या जिप्सी घेऊन यायचे. तो कुणालाही "तुम्ही फसलात" असं म्हणायचा नाही. म्हणायचा, "गाडी ठेवून जा, आठ दिवसांनी या." माणूस हसत जायचा, आठ दिवसांनी हसत न्यायचा, आणि मधल्या आठ दिवसांत काय झालं ते आम्हा दोघांनाच माहीत असायचं. मी प्रत्येक वेळी वाद घातला. त्यानं एकदाही ऐकलं नाही.

त्याच्या शोकाच्या बैठकीला आलेले लोक उठून गेल्यावर भाभींनी मला शेडाची चावी दिली. "रविवारी उघडत जा भैयाजी. मला ते बंद बघवत नाही." मी दर रविवारी दहाला उघडतो. खुर्ची आहे तिथंच आहे, मी तिच्यावर बसत नाही. मला अजून वाकता येतं.

गेल्या रविवारी शाळेतले एक गुरुजी आले, बायकोला घेऊन. नवी घेतलेली जुनी जिप्सी होती, ताजा हिरवा रंग. सरळ राजूरच्या गणपतीला पूजा करून आलेले. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि गुरुजी किती कमी भावात गाडी पटवली ते उभ्या उभ्या सांगत होते. त्यांच्या बायकोच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, तिनं मला दोन पेढे दिले. मी पेढा तोंडात टाकून खाली शिरलो आणि पारसच्या सवयीने चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, छोटा हातोडा ठोकत गेलो. मागच्या बाजूला आवाज बसका आला. रंग खरवडला. आत गंजाने खाल्लेलं भोक होतं, लांबीने, म्हणजे रंगाऱ्याच्या पुटीने, भरून वरून हिरवं केलेलं. मी बाहेर आलो. पारसचं वाक्य माझ्या अगदी ओठावर होतं... गाडी ठेवून जा. पण मी पारस नाही. म्हणालो, "गुरुजी, तुम्ही फसलात. चासी सडलीय."

गुरुजींचं तोंड मी पाहिलं. अर्धा शब्द बोलायचा राहिला होता, तो तसाच राहिला. बायकोने पेढ्यांचा पुडा हळूच बंद केला. गल्लीत वळणाऱ्या टेम्पोत उभ्या असलेल्या माणसाचं तोंड असं होऊ नये म्हणून कुणी सहा वर्षं एक डबा पुसून ठेवला असेल, तर त्याला काय म्हणायचं, ते मला तेव्हा तिथं उभ्या उभ्या कळलं. तरीही माझं म्हणणं बदललेलं नाही. सांगायलाच पाहिजे होतं. गुरुजी तडकले. मला गाडीतलं काय कळतं, मी भंगारवाला आहे, असं बोलले आणि गाडी काढून निघाले. मी मागून ओरडलो, "हळू न्या! खड्ड्यात घालू नका!" झेंडूचा हार हलत हलत गल्लीबाहेर गेला.

येतील ते. रविवारी दहाला शेड उघडं असतं. मला सात महिने लागले होते. गुरुजी शिकलेले आहेत, त्यांना एवढे लागणार नाहीत.